वेल्डिंगचा एक टाकाच मारायचाय म्हणून काच बाजूला ठेवू नका

अक्कलकोट रोडला एका ग्रीलच्या दुकानात हेल्पर होतो तेव्हा काळी काच एकच, ती मिस्त्रीकडं, मी पट्टी धरून नुसतं तोंड वळवायचो. दिवसभर काही वाटलं नाही, रात्री दोनला डोळ्यात वाळू भरल्यागत झालं, पाणी थांबेना, ट्यूबलाईट बघवेना. आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या झगमगत्या उजेडाचं, असंच असतंय, त्यातले अल्ट्राव्हायोलेट किरण बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतात पण दुखायला लागतं सहा ते बारा तासांनी, म्हणून काम करताना कळतच नाही. असं झालं तर बटाटा, दूध, गुलाबपाणी काही घालू नका, मेडिकलवाल्याकडनं बधिर करायचे थेंब पण आणू नका, डोळ्याच्या डॉक्टरकडं जा.

आता खरी अडचण काय, हातात धरायच्या स्क्रीननं, म्हणजे काळी काच बसवलेल्या ढालीनं, एक हात अडकतो. एका हातात होल्डर, म्हणजे रॉड पकडायचा चिमटा, दुसऱ्यात पट्टी, मग टाका मारताना माणूस डोळे मिटून मारतो. दिवसातनं असे पन्नास टाके. म्हणून पहिला खर्च डोक्यावर बसणाऱ्या स्क्रीनचा करा, मान झुकवली की खाली येणारी, नाहीतर पट्टी सी-क्लॅम्पनं धरा म्हणजे हात मोकळा राहतो. साध्या दहा-बारा नंबर रॉडच्या कामाला 10 किंवा 11 नंबरची काळी काच घ्या, उन्हाचा गॉगल अजिबात चालत नाही. पुढची पांढरी काच ठिणग्यांनी आंधळी झाली की लगेच बदला, ती स्वस्त असते, आणि दिसत नाही म्हणूनच लोक स्क्रीन वर करतात. हेल्परला पण स्क्रीन द्या. स्लॅग, म्हणजे टाक्यावरची खपली, ठोकताना आणि ग्राइंडर मारताना पांढरा गॉगल डोळ्यावर हवाच, ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही.

सोलापूरचा उन्हाळा, पारा 42-43 ला, बनियनवर काम करावंसं वाटतं हे मला पण कळतं, पण आर्कनं कातडी भाजते. फुल बाह्यांचा सुती शर्ट घाला, गळ्याला आपला सोलापुरी टॉवेल गुंडाळा, तोही सुतीच बघून घ्या. पॉलिस्टर नको, वितळून अंगाला चिकटतं. पँट दुमडू नका, घडीत ठिणगी बसते. चप्पल नको, बूट घाला.

घामानं ओले हातमोजे म्हणजे शॉकला आमंत्रण. चामड्याचे दोन जोड ठेवा, एक उन्हात वाळत, एक हातात. आर्क नसताना पण होल्डरवर 50 ते 80 व्होल्ट असतात, त्यामुळं होल्डर काखेत धरायचा नाही, रॉड मोजे घालूनच बदलायचा, पायाखाली कोरडी फळी ठेवायची. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवा, पण ती होल्डरकडचा शॉक अडवत नाही.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपचा पांढरा धूर जस्ताचा असतो. तोंड गोडसर लागतं, संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. गूळ खाऊन धूर उतरत नाही भावांनो. जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आधी ग्राइंडरनं काढा (तेव्हा पण मास्क लावूनच), वारा पाठीकडनं न घेता बाजूनं येईल असं बसा, एन-95 मास्क लावा, रुमालानं हा धूर अडत नाही. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींमध्ये पक्का धरलाय, नुसत्या खोकल्यावर भागत नाही.

आणि डिझेल-पेट्रोलचा रिकामा ड्रम कुणी आणला, मी धुऊन आणलाय म्हणाला, तरी हात लावू नका, आत वाफ राहते आणि एका ठिणगीत झाकण उडतं. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.