सोलापुरात बसून कॉमिक्स काढायचंय? आधी आठ पानं पुरी करा

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी वही काखेत मारून माझ्याकडे येतं. वहीत ड्रॅगन असतो, तलवार उपसलेला योद्धा असतो आणि पाच-सहा चेहरे असतात, सगळे एकाच बाजूला बघणारे. चित्रं बरी असतात, कधीकधी माझ्यापेक्षा सरस. मी विचारतो, "हाच योद्धा जिना उतरताना काढ बघू, पाठीमागून." पुढची पाच मिनिटं फक्त पंख्याचा आवाज.

कॉमिक्सचं काम त्या जिन्यापासून सुरू होतं. एक झकास चित्र काढणारे पुष्कळ आहेत. तोच माणूस सहा चौकटींत सहा बाजूंनी ओळखू येईल असा काढणारे आणि पान ठरल्या तारखेला हातात ठेवणारे थोडे आहेत, आणि पैसे त्यांनाच मिळतात.

पान की चित्र, हे आधी ठरवा

बाहेरून एकच वाटतात, पण हे दोन धंदे आहेत. कॉमिक्समध्ये कथा, पेन्सिल, शाई, रंग आणि अक्षरं ही कामं बऱ्याचदा पाच वेगळे लोक करतात. तुम्हाला सगळंच यायला हवं असं नाही. फक्त रंग भरून घर चालवणारेही असतात. दुसऱ्या धंद्यात पुस्तकांची मुखपृष्ठं, गेमसाठी पात्रं आणि जागा, खेळाचे पत्ते असं एकेकटं चित्र विकलं जातं. पत्त्यांच्या खेळात 63 बाय 88 मिलिमीटरच्या पत्त्यावर चित्राला जेमतेम काड्यापेटीएवढी जागा मिळते. तिथे तुमच्या राक्षसाचे तीनशे खवले कुणाला दिसत नाहीत, त्याची बाह्यरेषा तेवढी दिसते.

सुरुवातीला दोन्ही करून बघा, पण वर्षभरात एकाकडे झुका. हात मात्र एकाच साच्यात अडकवू नका. चित्रकार राम वाईरकरांनी 'अमर चित्र कथा' या कॉमिक्समालेसाठी पुराणातल्या कथा रंगवल्या आणि 'टिंकल' या मुलांच्या मासिकातला विनोदी सुपंदीही त्यांच्याच हातचा.

बघायला बाहेर पडा

फँटसी म्हटलं की पोरं लगेच युरोपातला किल्ला काढतात. तोही फोटोवरून नाही, दुसऱ्याच्या चित्रावरून. आपल्या बसस्टँडपासून थोड्या अंतरावर भुईकोट उभा आहे, दुहेरी तटाचा. दुपारी साडेचारला जा आणि बुरुजाची सावली कशी वळते ते काढा. गोल भिंतीवरची सावली मनाने काढता येत नाही, मी वर्षानुवर्षं चुकवली आहे. तिथून सिद्धेश्वर तलावाकडे गेलात की पाण्यातलं देऊळ आणि त्याचं हलणारं प्रतिबिंब आयतं मिळतं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याला, गर्दी काढायला बसा. पांढऱ्या बाराबंदीतले लोक नंदीध्वजाच्या उंचच उंच काठ्या कमरेला तोलून चालतात, तेव्हा त्यांची मान, खांदा, पोटरी कशी ताणली जाते ते बघा. वजन पेलणारं शरीर काढता आलं की तुमच्या योद्ध्याच्या हातातली गदा थर्माकोलची वाटत नाही. हत्यारांसाठी अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार आहे. फोटो काढू देतात की नाही ते आधी विचारा, नाही म्हणाले तर आठवणीवर काढा. माळरान हवं असेल तर जवळच्या नान्नजच्या अभयारण्यात जा. गवत, काळवीट आणि एवढं मोठं आभाळ की पानाचा तीन चतुर्थांश भाग कोरा सोडायची हिंमत येते.

आणि यंत्रं. यंत्रमागाच्या शेडमध्ये एक तास उभं राहून धोटा, सूत गुंडाळलेला बीम, वरचं नक्षी पाडणारं जॅकार्ड काढून बघा. परग्रहावरचं यान काढायला याहून चांगली शिकवणी नाही. शेडमध्ये वही उघडलीत की कुणीतरी "काय करलालास बे?" म्हणेलच. दाखवा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस स्वतःहून उजेडात उभा राहतो.

रोज अर्धा तास पुरतो, पण रोज हवा. हात, पाय, कापडाच्या घड्या आणि परिप्रेक्ष्य, म्हणजे जवळचं मोठं, लांबचं लहान. चेहरे कमी काढा, ते सगळ्यांनाच आवडतात.

आता आठ पानं

आठच का? दोन ए-फोर कागद मधोमध दुमडले की आठ पानांची पुस्तिका होते. झेरॉक्सच्या दुकानात छापता येते, स्टेपल मारता येते आणि कुणाच्याही हातात देता येते. शिवाय दोनशे पानांची महागाथा मनात घेऊन बसलेले मी पाहिलेत. पाच वर्षं नकाशे काढतात, राजवंशाच्या वंशावळी लिहितात आणि पहिलं पान कोरंच राहतं.

गोष्ट पाच ओळींत मावेल अशी घ्या. दोन पात्रं, एक जागा. उदाहरण देतो, हवं तर वापरा. रात्रपाळीचा विणकर. चादरीवरचा मोर अर्धा विणून झालाय आणि वीज जाते. अंधारात तो अर्धा मोर चादरीतून खाली उतरतो आणि उरलेलं अंग मागतो. बस्स.

मग काड्यापेटीएवढ्या चौकोनात आठही पानं खरडा. प्रत्येकाची निदान तीन रूपं. माणसं काड्यांची असली तरी चालतील. कॅमेरा कुठे आहे, नजर कुठून कुठे जाते आणि बोलण्याचा फुगा कुठे बसतो, एवढंच ठरवायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि अख्ख्या कॉमिक्सचा जीव त्यातच आहे. इथे वाचवलेला एक तास पुढे दोन दिवस खातो.

पान उलटण्याचा हिशोब ठेवा. पहिलं पान उजव्या हाताला असतं, दोन आणि तीन समोरासमोर येतात, चौथं उलटल्यावरच दिसतं. म्हणजे वीज जाते ती तिसऱ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि मोर दिसतो तो चौथ्या पानावर, मोठा. तोच मोर तिसऱ्या पानावर काढलात तर वाचकाला तो दुसरं पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो आणि गंमत जाते.

एका पानावर चार ते सहा चौकटी पुरेत. नवी जागा आली की एकदा ती पूर्ण दाखवा: शेड केवढी, दार कुठे, माग किती. पुढच्या चौकटींत पार्श्वभूमी गाळली तरी चालते. विणकराचं एक पान आधीच वेगळं काढून ठेवा: समोरून, बाजूने, पाठीमागून, वाकलेला, घाबरलेला. त्याला एखादी खूण द्या, एका कानामागे अडकवलेली बिडी किंवा खांद्यावरचा पंचा. अंधारात चेहरा नाही दिसला तरी खुणेवरून तो कळतो.

पेन्सिल ए-थ्रीवर करा, मग शाई. छपाईत पान अर्ध्या मापाचं होणार, म्हणजे केसासारख्या बारीक रेषा गायब होणार. पहिलं पान शाई करून झालं की लगेच झेरॉक्स छोटी करून बघा. आठही पानं झाल्यावर बघू नका.

प्रत्येक कागदाच्या मागे तास लिहा. खरडायला किती, पेन्सिलला किती, शाईला किती. हा आकडा पुढे तुमचा दर ठरवतो. आणि आठव्या पानापर्यंत पोचल्यावर पहिलं पान भिकार वाटेल, तरी ते पुन्हा काढू नका.

मराठी अक्षरांचं वेगळं दुखणं

चित्र झाल्यावर फुगे चिकटवले की मराठी कॉमिक्स फसतं. आपल्या ओळीवर वेलांटी आणि मात्रा असतात, खाली उकार. त्यामुळे आपल्या ओळीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. म्हणून फुग्याची जागा खरडतानाच सोडा आणि लेखकाला वाक्य कापायला सांगा. आधी बोलणारा डावीकडे ठेवा. आपल्याकडे इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा ओरडणं दाखवायला अक्षर जाड करा.

फाँट युनिकोडच घ्या. जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर किडे-मुंग्या होतो. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे बलू आणि मुक्त हे फाँट फुकट आहेत आणि विकायच्या कामातही चालतात. बलूचा गोल, जाड वळसा फुग्यात छान दिसतो. आवाज मात्र हाताने काढा. मागाचा खटक-फटक टाइप केला की मेला.

सामान आणि शिक्षण

पेन्सिल, जलरोधक काळी शाई, एक निब, दोन नंबरचा गोल ब्रश, कार्ट्रिज पेपर. एवढ्यावर वर्ष निघतं. डिजिटलला जायचं तर बिनपडद्याचा साधा पेन टॅब्लेट आणि क्रिता हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. महागडं उपकरण पहिल्या कमाईतून. छापायची फाइल 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), सीएमवायके (छपाईच्या चार शाया) आणि कापणीसाठी चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जादा. माझं पहिलं मुखपृष्ठ मी स्क्रीनवरच्या लखलखीत निळ्यात दिलं होतं आणि छापून आलं ते वांग्याच्या भाजीच्या रंगात. चूक माझीच.

शाळेत असाल तर चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देऊन टाका. बारावीनंतर राज्याच्या सीईटीतून चार वर्षांचं बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करता येतं आणि मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट हे मोठं स्वप्न. कॉलेजचा फायदा खरा आहे: समोर बसलेलं मॉडेल आणि तुमच्याहून चांगलं काढणारा शेजारी. पण घरून शक्य नसेल तर खचू नका. आजवर एकाही संपादकाने मला पदवी विचारली नाही, तारीख मात्र सगळ्यांनी विचारली.

दाखवायचं कुणाला

पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या निवडक कामात, दहा-बारा चित्रं पुरे. त्यांत सलग चार पानं हवीतच, शब्द झाकले तरी गोष्ट कळणारी. सगळ्यात कच्चं चित्र काढून टाका, कारण बघणारा तुम्हाला त्याच्यावरूनच मोजतो. गेमवाल्यांना पाठवताना विनोदी व्यंगचित्रं घालू नका आणि बालमासिकाला रक्तबंबाळ राक्षस पाठवू नका. हसू नका, मी हे केलंय. पत्र चार ओळींचं: मी कोण, काय काढतो, कामाचा दुवा, कधीपासून मोकळा आहे.

मराठीत पहिलं काम बहुधा बालसाहित्य, शाळेची पुस्तकं किंवा दिवाळी अंकातून येतं. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, त्याचे अंक चाळून कुठल्या शैलीला जागा आहे ते बघा. दिवाळी अंकवाल्यांना दिवाळीत भेटून उपयोग नाही, पावसाच्या तोंडावर गाठा. मोठा बाजार बघायचा तर कॉमिक कॉन आहे. 2011 मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही जत्रा आता पुण्यात आणि हैदराबादलाही भरते. सोलापूरकराला दोन्हीकडे गाडी सोयीची. पहिल्या वर्षी विक्रीचं टेबल घेऊ नका. त्या आठ पानांच्या तीस प्रती पिशवीत टाका, फिरा आणि वाटा.

एआयबद्दल सगळे विचारतात. स्वस्तातली मुखपृष्ठं तिकडे जाताहेत, हे खरं आहे. म्हणूनही सलग पानांचं कौशल्य धरा, आणि खरडीपासून शाईपर्यंतचे सगळे टप्पे जपून ठेवा. हल्ली काही ठिकाणी ते मागतात.

पैसे आणि कागद

माझ्या पहिल्या मोठ्या कामाचा करार फोनवर झाला. चोवीस पानं, "छापून आलं की देतो." छापून आलं, दुसरी आवृत्तीही आली, पैसे आले नाहीत. माझ्या हातात एक ओळही लेखी नव्हती.

दर काढायचा तो कागदामागच्या तासांवरून. समजा एका पानाला सोळा तास लागतात आणि तासाला 150 रुपये हवेत, तर पान 2400 चं. समोरचा 500 म्हणाला तर त्याच पैशांत रंग न भरता, तीनच चौकटींचं काय देता येईल ते सांगा. तेही नको असेल तर नमस्कार. एक तृतीयांश रक्कम आगाऊ, एक तृतीयांश पेन्सिल मंजूर झाल्यावर, उरलेली शेवटची फाइल देताना. दुरुस्त्या दोनदा, तिसरीला जादा पैसे. हे सगळं ईमेलवर.

हक्कांचं नीट वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढताच हक्क तयार होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. नोकरीत राहून काढलेल्या कामाचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा. हक्क तुमचा असेल तर तो दुसऱ्याला सोपवायला लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणून "सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे" असं वाक्य दिसलं की थांबा. तेवढं हवं असेल तर दर वेगळा सांगा. मूळ कागद तुमच्याकडेच राहील हेही लिहून घ्या.

छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, ती करून ठेवा. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा आहे. बिलावर तो नोंदणी क्रमांक दिसला की काही लोकांची स्मरणशक्ती सुधारते.

आणि नोकरी लगेच सोडू नका. मी चादरीच्या कारखान्यात डिझाइन बसवायचो, आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत. ती सोडायला मला तीन वर्षं लागली. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आणि पुढच्या चार महिन्यांचं काम लेखी हातात, एवढं जमल्यावरच बाहेर पडलो. अजूनही लग्नसराईच्या आधी त्यांचा फोन आला तर एखादं डिझाइन घेतो. मोराचा पिसारा चौकोनांत बसवायला दोन दिवस जातात आणि पैसे तिसऱ्या दिवशी येतात.