मेंदूविज्ञानातील प्राणी व पेशी-मॉडेल वास्तवाच्या जवळ कशी न्यावीत

मॉडेल, म्हणजे आजाराची नक्कल करणारा प्राणी किंवा पेशी, निवडण्यापूर्वी आजाराचा नेमका कोणता भाग तपासायचा आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. कारण पूर्ण पार्किन्सन किंवा पूर्ण अल्झायमर कोणत्याही उंदरात उतरत नाही. एमपीटीपी हे विष टोचलेल्या उंदराच्या डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी काही दिवसांत मरतात, तर माणसात ही झीज वर्षानुवर्षे चालते. डोपामिन घटल्यावर हालचालींचे काय होते, हे पाहायला असा उंदीर पुरेसा आहे. झीज रोखू पाहणाऱ्या औषधाची परीक्षा मात्र त्याच्यावर घेऊ नये.

पक्षाघात बहुधा उतारवयात, अनेकदा उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाला होतो, आणि प्रयोग मात्र तरुण, निरोगी नर उंदरांवर होत आले आहेत. पहिली चाचणी तशी करायला हरकत नाही. पण पुढच्या टप्प्यात वयस्क प्राणी, दोन्ही लिंगे आणि रक्तदाब वाढलेले वाण घ्यावेत, शिवाय रुग्णाला उपचार मिळेपर्यंत जाणारे तास हिशेबात धरून औषध तितक्याच उशिरा द्यावे. उंदीर निशाचर असल्याने वर्तनचाचण्या त्यांच्या अंधाराच्या वेळेत कराव्यात. त्यांना शेपटीने उचलू नये, नळीतून किंवा ओंजळीत घ्यावे. नाहीतर आपण मोजतो ती भीती आपल्याच हाताची असते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या बाबतीत तफावत आणखी मोठी आहे, आणि ती सवयीमुळे नजरेआड होते. नेहमीच्या अनेक पोषकद्रवांत लिटरमागे 25 मिलिमोल ग्लुकोज असते, तर मेंदूतील पेशींभोवतीच्या द्रवात ते साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसते. पेशी वाढवण्याच्या पेटीतील (इन्क्युबेटर) ऑक्सिजनही मेंदूतल्या ऊतींपेक्षा कितीतरी जास्त असतो. चयापचयाचा प्रश्न असेल तर हे दोन्ही टप्प्याटप्प्याने खाली आणावे आणि प्रत्येक टप्प्यावर किती पेशी जगल्या हे तपासावे. दाह अभ्यासायचा असल्यास अ‍ॅस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया या चेतापेशींना आधार व संरक्षण देणाऱ्या मेंदूपेशी सोबत वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही.

शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या पेशींवर दाखवलेली आणि 2007 मध्ये मानवी पेशींना लागू झालेली पद्धत रुग्णाच्या त्वचापेशींना आधी गर्भावस्थेतील मूळपेशींसारखे बनवून त्यांतून चेतापेशी मिळवून देते. पण वाटेत पेशीच्या वयाच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात आणि सत्तरीच्या रुग्णाची चेतापेशी गर्भातल्यासारखी वागते. म्हणून वार्धक्याशी निगडित आजारात त्वचापेशीचे थेट चेतापेशीत रूपांतर करणे बरे. तुलनेसाठी शक्यतो त्याच रुग्णाच्या, क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने दोष दुरुस्त केलेल्या पेशी घ्याव्यात, आणि नमुनासंख्या मोजताना प्लेटमधील खळगे नव्हे, तर पेशी देणाऱ्या व्यक्ती मोजाव्यात.