गेमिंगचा हेडसेट: वायरचा घ्यायचा की बिनवायरचा?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं दुरुस्तीचं टेबल आहे. संध्याकाळी क्लास सुटले की पोरं तुटके हेडसेट घेऊन येतात आणि हमखास विचारतात, "काका, नवीन घेतला तर वायरचा घेऊ की वायरलेस?" मी उलट विचारतो, "लावणार कशाला?" फोनला, कॉम्प्युटरला की प्लेस्टेशनला, यावर निम्मा निकाल तिथंच लागतो.

मंगळवार पेठेतला एक पोरगा मागच्या महिन्यात आला होता. म्हणाला, "गोळी लागून मी पडतोय आणि मग बंदुकीचा आवाज येतोय." हेडसेट चांगला होता, पण ब्लूटूथचा. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करतात, तुकड्यातुकड्यानं पाठवतात, पलीकडं थोडा साठवून मग उलगडतात. यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या, स्क्रीनवर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं, म्हणजे आवाज कानात पोचेपर्यंत नऊ ते बारा चित्रं पुढं सरकलेली असतात. त्यात माइक सुरू केला की बहुतेक ब्लूटूथ हेडसेट फोनकॉलच्या पद्धतीवर जातात. आवाज जाडाभरडा होतो आणि दोन्ही कानांत एकच येतो. मग पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून, कसं कळणार? गाणी ऐकायला ब्लूटूथ जरूर घ्या. टीममध्ये बोलत खेळायचं असेल तर नको.

वायरलेसच हवा असेल तर यूएसबी डोंगलवाला घ्या, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा छोटा तुकडा सोबत येतो तो. तो २.४ गिगाहर्ट्झवर स्वतःच्या पद्धतीनं बोलतो आणि त्यातला उशीर खेळताना जाणवत नाही. एक गोष्ट मात्र मी दोन संध्याकाळी घालवून शिकलो. भाच्याला असा हेडसेट घेऊन दिला, तर आवाज सारखा तुटायचा. मी डोंगल सीपीयूच्या मागं निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये, बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारी लावलं होतं. यूएसबी ३.० वर डेटा धावताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट पसरतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहून ठेवलंय. फूटभर एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर आणलं आणि त्रास थांबला. तुमचाही आवाज तुटत असेल तर हेडसेट परत करायच्या आधी एवढं करून बघा.

प्लेस्टेशन ५ ला साधा ब्लूटूथ हेडसेट थेट जोडता येत नाही. टीव्ही सोप्यात असतो, वायर आजीच्या पायात येईल अशी भीती वाटते, म्हणून लोक महागडा वायरलेस घेतात. पण प्लेस्टेशनच्या कंट्रोलरलाच हेडसेटच्या पिनेचं ३.५ मिलिमीटरचं भोक असतं. वायर हातापासून कानापर्यंत, आजीचा रस्ता मोकळा.

वायरच्या हेडसेटची पिन नीट बघा. तीन काळ्या रिंगा असतील तर आवाज आणि माइक एकाच पिनेत. जुन्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात, तिथं एका पिनेच्या दोन करणारा स्प्लिटर लागतो. डेस्कटॉपच्या पुढच्या भोकातून घरघर येत असेल तर यूएसबीचा वायरवाला घ्या. त्याचं साउंड कार्ड, म्हणजे आवाज तयार करणारा भाग, त्याच्यातच असतं.

मी स्वतः वायरच्या बाजूचा आहे, आणि कारण माझ्या टेबलावर रोज दिसतं. वायर तुटते ती बहुतेक दोनच ठिकाणी: पिनेच्या मानेशी आणि कानाच्या वाटीत शिरते तिथं. कापून बघितलं की आत केसासारख्या बारीक तारा निघतात, लाल, हिरव्या, तांब्याच्या, मधे रेशमासारखा दोरा. रंग म्हणजे वार्निश. ते सोल्डरिंग गननं जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. घरी जोडलेली वायर दोन दिवसांत सुटते ती यामुळंच. नीट केलं तर अर्ध्या तासात, नव्या पिनेसकट, हेडसेट परत कानावर. वायरलेसचं तसं नाही. लिथियम बॅटरी तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जनंतर उतरत जाते, आत चिकटवलेली असते, आणि डोंगल हरवलं तर जोडीचं दुसरं सहजी मिळत नाही. म्हणून वायरलेस घेताना वायर लावायची सोय असलेलाच घ्या, आणि वाटीला स्क्रू दिसतात का बघा.

कानावरच्या गाद्या कापडी घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात रेक्झिनची सालं निघतात आणि कानाला काळे कण चिकटतात.

दुकानात पैसे द्यायच्या आधी हेडसेट आपल्याच फोनला लावा, माइकवर चार वाक्यं रेकॉर्ड करून ऐका, वायर पिनेजवळ हलवून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट दहा मिनिटं डोक्यावर ठेवा. काडी कानामागं रुतायला लागली तर दुसरा मागा.