वाळू तापते तेव्हा: कासवांच्या हॅचरीत तापमान कसं सांभाळायचं

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंडं पडतं तेव्हा ठरलेलं नसतं. ते वाळू ठरवते. साधारण २९ ते ३१ अंशांच्या पट्ट्यात पारडं फिरतं: खाली नर, वर माद्या. कोकणातल्या वेळास, आंजर्ले, गावखडी, वायंगणी इथे घरटी मिळतात ती मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. त्यातल्या उशिराच्या घरट्यांची पन्नासेक दिवसांची उबवण थेट एप्रिल-मेच्या उन्हात जाते. खरी काळजी त्यांचीच.

समुद्री कासवांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १चं संरक्षण आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय अंड्याला हात लावायचा नाही. पुढचं सगळं नेमलेल्या कासवमित्रांसाठी.

अंडं बाहेर पडतं तेव्हा गर्भाची वाढ थांबलेली असते. हवा लागली की ती काही तासांत पुन्हा सुरू होते आणि गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर पडदा फाटतो आणि गर्भ मरतो. म्हणून घरटं हॅचरीत, म्हणजे अंडी पुन्हा पुरून उबवायच्या राखीव जागेत, दोन तासांत हलवलं तर उत्तम. सकाळी उशिरा सापडलं, तर प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने टिंब करा आणि ती बाजू शेवटपर्यंत वर ठेवा. अंडी धुवू नका. बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओलसर वाळू घाला, वर ओलं फडकं टाका. मोटारसायकलला बादली लटकवून नेण्यापेक्षा चालत गेलेलं बरं.

हॅचरी उधाणाच्या भरतीरेषेच्या वर हवी, पण सुरूच्या बनात नको. सावली फुकट मिळते खरी, पण मुळं घरट्यात शिरून अंड्यांना विळखा घालतात. खड्डा ४५ सेंटीमीटर खोल, तोंडाला अरुंद, तळाला रुंद, सुरईसारखा. दोन घरट्यांत एक मीटर अंतर. जागा दर हंगामात बदला, नाहीतर वरची वाळू काढून नवी भरा. जुन्या वाळूत बुरशी टिकते. काळी, इल्मेनाइट या खनिजाची वाळू पांढरीपेक्षा जास्त तापते, म्हणून शेजारच्या गावच्या नोंदी आपल्या पुळणीला लावू नका.

तापमापकाची सुई अंडी पुरतानाच त्यांच्या मधोमध ठेवा. नंतर खुपसली तर अंडी फुटतात. दुसरी सुई एक मीटरवर, तितक्याच खोलीवर, रिकाम्या वाळूत. दोन्हींतला फरक म्हणजे अंड्यांची स्वतःची ऊब. शेवटच्या टप्प्यात ती अंशभर किंवा जास्तही भरते. हा फरक पाहिला नाही तर सगळा दोष उन्हावर जातो.

लिंग ठरताना उष्णतेने जनुक बदलत नाही, जनुकावरची खूण बदलते. रेड-इअर्ड स्लायडर या गोड्या पाण्यातल्या कासवात २०१८ मध्ये हे दिसलं. गार उबवणीत केडीएम६बी नावाचं विकर (एन्झाइम) डीएमआरटी१ जनुकाजवळच्या हिस्टोन प्रथिनांवरच्या (यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो) मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा पुसतं. जनुक चालू होतं आणि वृषण घडतं. ऊब वाढली की पेशीत कॅल्शियम शिरतं, स्टॅट३ हे प्रथिन जागं होतं आणि ते केडीएम६बीला दाबतं, हे २०२० मध्ये कळलं. मग खुणा तशाच राहतात आणि अंडाशय घडतं. रिडलेत प्रत्येक पायरी अशीच असेल असं धरू नये.

या खुणा पक्क्या होतात त्या वाढीच्या मधल्या एक-तृतीयांश काळात. पन्नास दिवसांच्या उबवणीत ढोबळपणे १७ ते ३३ दिवस. वाळू जास्त तापली तर वाढ वेगाने होते आणि हे दिवसही अलीकडे येतात. घरट्याच्या पाटीवर क्रमांक, अंड्यांची संख्या आणि पुरल्याची तारीख असतेच, त्यात हे दोन आकडेही लिहा.

सावलीसाठी ५० टक्क्यांची हिरवी जाळी, दीड-दोन मीटर उंचीवर, चारही बाजू मोकळ्या. बाजू झाकल्या तर दुपारचा खारा वारा अडतो आणि खाली भट्टी होते. पाणी संध्याकाळी, गोडं, झारीने. समुद्राचं नको, मीठ साचलं की ते अंड्यातला ओलावा ओढतं. चार बोटं खालची वाळू मुठीत वळली तर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. जास्त शिंपलं तर कणांमधली हवा जाते आणि गर्भ गुदमरतात.

घरट्यातलं तापमान ३३च्या वर टिकू लागलं की जाळी दुहेरी करा. ३५च्या वर सलग राहिलं तर गर्भ मरू लागतात. पण उत्साहाने सरसकट गारही करू नका: सगळे नर निघतील आणि उबवण लांबेल. निम्मे नर, निम्म्या माद्या हा हट्ट तर अगदीच फोल. पिल्लू बाहेरून पाहून लिंग कळत नाही, त्यामुळे नोंदवहीत तापमान लिहा, लिंग नको.

४५व्या दिवसापासून घरट्यावर टोपली ठेवा आणि पहाटे व संध्याकाळी न चुकता पाहा. उन्हात टोपलीखाली अडकलेली पिल्लं लवकर मरतात.

पिल्लं निघाल्यावर तीन दिवसांनी घरटं उकरून राहिलेली अंडी फोडा. गर्भ अगदी इवलासा असेल तर आधी हाताळणीवर संशय घ्या. पूर्ण वाढलेला असेल तर शेवटच्या आठवड्यांची तापमान-नोंद आणि पाण्याची नोंद शेजारी ठेवून पाहा. काहीच दिसत नसेल तर अंडं मुळात फळलं नव्हतं की पहिल्याच दिवसांत मेलं, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. असा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा.