फाइल समोर आहे, तरी ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’: रास्पबेरी पाय ४

रावेरच्या केळीबागेत ठिबकच्या मोटारीवर लक्ष ठेवणारा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, सिस्टिम ३२ बिट बुकवर्म आवृत्ती. एमक्यूटीटीचा (उपकरणांमध्ये संदेश पाठवायची पद्धत) प्रोग्रॅम टाकून चालवला की शीर्षकातली तक्रार. बुल्सआय या जुन्या आवृत्तीवर तीच ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ अशी येते. ‘एलएस’ने फाइलींची यादी काढली तर फाइल तिथेच!

परवानग्या बदलल्या, फाइल पुन्हा उतरवली, मेमरी कार्डही बदललं. दोन रात्री वाया.

‘युनेम -एम’ दाखवतं एआर्च६४ (६४ बिट), ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ दाखवतं आर्मएचएफ (३२ बिट). म्हणजे कर्नल, सिस्टिमचा गाभा, ६४ बिट; वरचा सगळा संसार ३२चा. इन्स्टॉलर फक्त कर्नलला विचारतो आणि ६४ बिट प्रोग्रॅम आणतो. तो उघडणारा ६४ बिट लोडर (प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाइल) कार्डावर नसतोच. न सापडलेली फाइल ती, तुमची नव्हे.

आधी चुकीचा प्रोग्रॅम पुसा. मग /बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, उघडा (बुल्सआयवर ती थेट /बूटमध्ये असते). अगदी शेवटी, ‘ऑल’ विभागाखाली, आर्म_६४बिट=० ही ओळ टाका; अक्षरं-आकडे इंग्रजीच, मध्ये मोकळी जागा नको. ओळ ‘पाय५’सारख्या दुसऱ्या विभागात पडली तर काहीच बदलत नाही. रीबूट करा. ‘युनेम -एम’ने आर्मव्ही७एल (३२ बिट) दाखवलं, की मगच इन्स्टॉलर पुन्हा चालवा.

पाय ५ वर हे जमत नाही, त्याला ६४ बिट कर्नलच लागतो. तिथे सरळ ६४ बिट सिस्टिमचं कार्ड बनवा.