बारा बोअरची काडतुसं घरी भराची नाही, पण सांभाळाची कशी ते पाहा

तूर-हरभऱ्याची जागल सुरू झाली का ज्याच्यापाशी परवान्याची बारा बोअर बंदूक हाय तो जुनी काडतुसं काढते, अन् मंग कोणीतरी म्हणतेच, उडवलेल्या काडतुसांची रिकामी खोकी घरीच काऊन नाही भरत, अमेरिकेत तर लोक घरीच भरतात. भाऊ, तिथं चालते. इथं काडतूस बनवाले वेगळा परवाना लागते (शस्त्र कायदा १९५९, कलम ५), अन् तो नसताना केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. बंदुकीच्या परवान्यात हे येत नाही. डुकराले मारासाठी वनखात्याची परवानगीही वेगळीच.

तर दुकानातूनच घ्या, परवान्यावर जेवढी लिहिली तेवढीच. घेताना नळीवरचा चेंबरचा (नळीत काडतूस बसते त्या जागेचा) आकडा पाहा, ६५ का ७० मिलिमीटर. इथं लय जण फसतात, कारण ७० ची काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसते, तो आकडा उडवल्यावर तोंड उघडलेल्या खोक्याचा असते, मंग तोंडाले पूर्ण उघडाले जागा भेटत नाही अन् दाब वाढते. जुन्या बंदुका बहुतेक ६५ च्याच. अन् घरात वीस बोअरही असन तर काडतुसं एका डब्ब्यात ठेवूच नका, वीसची बाराच्या नळीत सरकून पुढं अडकते, नळी रिकामी दिसते, वरून बाराची टाकली का नळी फुटते.

ठेवाचं टिनाखाली नाही, आपल्याइकडचा मे म्हायती हाय ना. चुलीपासून लांब, कोरड्या डब्ब्यात, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने राहू दिली तर पितळ हिरवं पडते. तेल लावाचं नाही, तेल टोपीत (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागात) मुरलं का ती फुसकी होते.

घोडा दाबला अन् वाजलंच नाही, तर लगेच उघडू नका, नळीचं तोंड खाली मातीकडं धरून अर्धा मिनिट तरी थांबा, कधी कधी उशिरा वाजते. अन् आवाज फुसका आला तर दुसरी काडतूस टाकाच्या आधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसते का पाहा, आत गुट्टा (दारू अन् छऱ्याच्या मधातलं बूच) अडकला असू शकते.

फुगलेली, हिरवी पडलेली, भिजून वाळवलेली काडतुसं बाजूला काढा. ती विहिरीत, उकिरड्यात का शेकोटीत नाही टाकाची, खोलूनही पाहाची नाही, ठाण्यात नाहीतर जिथून घेतली त्या दुकानदाराले विचारून जमा करा.