पिकअपच्या हौद्यावर घरी कडक झाकण बनवताना या चुका टाळा

पिकअपच्या हौद्याला कडक झाकण करायचं ठरलं की बहुतेकांचा सगळा विचार प्लाय घ्यायचा की पत्रा, यातच अडकतो. पण घरी बनवलेली झाकणं मधल्या तक्त्यामुळे क्वचितच वाया जातात. ती वाया जातात कडांना, भोकांपाशी आणि कोपऱ्यांत. खड्ड्यातून जाताना गाडीच्या चासीला पीळ बसतो, हौद्याच्या दोन्ही बाजू थोड्या मागेपुढे होतात आणि केबिन तर हौद्यापासून वेगळीच हलते. स्थिर पेटीचं झाकण समजून केलेलं काम या हालचालीत टिकत नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

एकाच जागी माप घेणं

हौदा दिसायला काटकोनी असला तरी तसा असेलच असं नाही. रुंदी तीन जागी मोजा: केबिनजवळ, मध्यावर आणि फाळक्याजवळ (फाळका म्हणजे हौद्याची मागची उघडणारी बाजू). लांबी डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळी घ्या, मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गुण्या लावून कापलेला चौकोन एका कोपऱ्यात बाहेर येणार आणि दुसऱ्यात आत जाणार. अशा वेळी जाड पुठ्ठा जोडून पूर्ण आकाराचा साचा करा, तो हौद्यावर ठेवून कडा आखा आणि त्यावरूनच कापा.

माप घेताना फाळका बंद हवा. उघड्या फाळक्याने मागची रुंदी एखाद-दोन मिमीने बदलू शकते. गाडीही सपाट जागी उभी करा. एक चाक उंचवट्यावर असेल तर हौद्याला आधीच पीळ बसलेला असतो आणि तोच पीळ तुमच्या मापात उतरतो.

केबिन आणि झाकण यांत किमान २० ते २५ मिमी फट ठेवा. आवारात उभ्या गाडीला ती जास्त वाटेल, पण खराब रस्त्यावर केबिनच्या मागच्या पत्र्याचा रंग तीच वाचवते.

वजन शेवटी मोजणं

साधारण १.५ मीटर रुंद आणि १.४५ मीटर लांब, म्हणजे सुमारे २.२ चौरस मीटरच्या झाकणाचं उदाहरण घेऊ. १२ मिमी प्लाय अंदाजे १७ किलो भरतो, १८ मिमीचा २५ किलोच्या पुढे जातो. २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा १२ किलोच्या आसपास, ४ मिमी एसीपीही (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेला तक्ता) जवळपास तेवढाच. १.६ मिमी लोखंडी पत्रा मात्र २७-२८ किलो, आणि तो नुसता पत्रा झाला, चौकट वेगळी.

चौकटीला २५ × २५ × २ मिमी ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप मीटरला अर्धा किलो पडतो, तर १.६ मिमी जाडीचा तसाच लोखंडी पाइप मीटरला सुमारे १.२ किलो. चार बाजू आणि दोन आडवे मिळून ९ मीटर धरले तर फरक सहा किलोंचा होतो. आमचं मत स्पष्ट आहे: ॲल्युमिनियमची चौकट आणि वर १२ मिमी मरीन प्लाय, बिजागऱ्या-कड्यांसह एकूण २४ किलोच्या आसपास. हे झाकण एका माणसाला उघडता येतं आणि घरच्या हत्यारांनी बनतं.

एसीपी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याचा वरचा-खालचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. बिजागरी थेट त्याला रिव्हेट केली तर रिव्हेट ओढून निघतो. बिजागरी नेहमी चौकटीला लावा. एसीपी फक्त पाऊस अडवण्यासाठी.

तक्ता सपाट ठेवणं

पूर्ण सपाट झाकण दिसायला छान, पण पहिल्याच पावसात मध्यभागी तळं होतं. सरासरी अर्धा सेंटिमीटर पाणी साचलं तरी ११ लिटर, म्हणजे ११ किलो जादा भार. तक्ता त्याने आणखी दबतो आणि आणखी पाणी साठतं. उपाय सोपा आहे. चौकट सपाटच ठेवा, पण पुढच्या, मागच्या आणि मधल्या आडव्या पाइपांवर लाकडाच्या कमानदार पट्ट्या बसवा: मध्यावर १५ मिमी उंच, टोकांना शून्य. १२ मिमी प्लाय एवढा बाक सहज घेतो आणि पाणी दोन्ही बाजूंना उतरतं.

तक्ता चौकटीच्या बाहेर १५ मिमी काढा आणि त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून ६-७ मिमी आत, ३ मिमीची खाच मारा. ही खाच नसेल तर पाण्याचा थेंब कडेवरून वळतो आणि तक्त्याच्या पोटाला चिकटून थेट झाकण आणि हौद्याचा काठ यांमधल्या रबराच्या पट्टीपर्यंत पोचतो. रबर चांगलं असूनही हौदा ओला होण्याचं हे फार सामान्य कारण आहे, आणि बहुतेकांना ते सापडत नाही.

प्लायच्या कडा आणि भोकं कोरडी सोडणं

मरीन प्लायचा डिंक पाण्याने सुटत नाही, पण लाकूड पाणी पितंच. वरच्या पृष्ठापेक्षा कापलेल्या कडेतून ते कितीतरी वेगाने आत जातं, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. नुसता रंग पुरत नाही. कडेला पातळ इपॉक्सीचा (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) एक हात द्या, तो शोषला गेला की चिकट असतानाच दुसरा आणि मग तिसरा. कडा काचेसारखी चकाकली आणि कुठेही मंद डाग उरला नाही की काम झालं.

भोकांचं तंत्र वेगळं आहे आणि त्याला वेळ द्यावाच. ६ मिमीचा बोल्ट जायचा असेल तर आधी १० मिमीचं भोक पाडा. खालून चिकटपट्टी लावून ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा. पूर्ण कडक झाल्यावर त्याच्या मधोमध ६.५ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टभोवती लाकूड नाही, इपॉक्सीची नळी आहे. पाणी आलंच तरी प्लायच्या थरांत शिरत नाही, आणि बोल्ट आवळताना लाकूड चेपून पुढे ढिलं होत नाही.

एक चूक फायबरग्लास करणारे हमखास करतात: फक्त वरच्या बाजूला थर देतात. रेझिन कडक होताना आकसतं, एका बाजूने ओढ बसते आणि तक्ता वाकडा होतो. थर दोन्ही बाजूंना सारखाच द्या. रंगाचंही तसंच. वर तीन हात आणि पोटाला काहीच नाही, असं झालं की ओलावा एकाच बाजूने ये-जा करतो आणि काही महिन्यांत कोपरे उचलतात.

लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकवणं

ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस बोल्ट घातला आणि तिथे पाणी थांबलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. पांढरी पूड दिसली की समजा सुरुवात झाली. बोल्टच्या डोक्याखाली आणि नटाखाली नायलॉनचे वॉशर घाला, बिजागरी आणि पाइप यांच्यामध्ये पातळ रबराची चकती द्या.

लोखंडी चौकट वेल्ड करणार असाल तर एका कोपऱ्याचा पूर्ण सांधा लगेच भरू नका. आधी चारही कोपऱ्यांना टाके मारा, कर्ण जुळवा, मग समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून भरा. आणि पाइपला सर्वांत खालच्या जागी ५ मिमीचं भोक ठेवा, नाहीतर आत अडकलेलं पाणी आतूनच गंज धरतं.

स्पंजाची पट्टी लावणं

खिडक्यांना लावतात ती मऊ स्पंजाची पट्टी इथे चालत नाही. ती पाणी शोषते, दबून राहते आणि काही आठवड्यांत चपटी होते. पोकळ, डी आकाराचं ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम) रबर घ्या, १२ मिमी उंचीचं. झाकण बंद झाल्यावर ते ८ मिमीपर्यंत दबलं पाहिजे. ११ मिमीलाच थांबलं तर फट राहील. ५ मिमीपर्यंत दाबलं तर कडी लावायला झाकणावर बसावं लागेल आणि रबर लवकर मरेल. हे ८ मिमी ठरवतात कोपऱ्यांतले कडक रबरी बंपर, म्हणून बंपर आधी बसवा आणि रबर नंतर.

रबराचा जोड कोपऱ्यात आणू नका. कोपऱ्यात रबर गोलाईने वळवा आणि जोड मागच्या कडेच्या मध्यावर चिकटवा. चिकटवण्यापूर्वी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश किंवा मेण असलेल्या रंगावर कुठलीही पट्टी टिकत नाही. हौद्याच्या काठावर खांब रोवायची चौकोनी भोकं असतात, ती विसरू नका. रबर त्यांच्यावरून गेलं तर पाणी भोकातून खाली उतरतं आणि दोष रबराला जातो.

बिजागरी मागे लावणं

बिजागरी केबिनकडेच हवी. मागे लावली आणि कडी सुटली तर वारा झाकण उलटवून टाकतो. ताशी १०० किमीला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. त्याचा चौथा हिस्सा जरी वर ओढायला लागला तरी २.२ चौरस मीटरवर २६ किलो होतात, म्हणजे आपल्या झाकणाच्या वजनाहून जास्त. म्हणून मागे दोन कड्या, दोन्ही कोपऱ्यांजवळ. मध्यावर एकच कडी असेल तर कोपरे फडफडतात आणि कालांतराने चौकट तिथेच तडकते.

झाकण अगदी केबिनपर्यंत नेलं तर उघडताना पुढची कडा काचेवर आपटू शकते. १५० मिमीची पुढची पट्टी कायमची बसवा आणि तिच्या मागच्या कडेला बिजागऱ्या जोडा. त्या सांध्यावर रबराची सलग पट्टी टाका, कारण सगळ्यात जास्त पाणी तिथेच येतं. बिजागऱ्यांना स्क्रू नको. आरपार बोल्ट, खाली मोठा वॉशर आणि त्यावर नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज ढिला न होणारा).

अंदाजाने गॅस स्प्रिंग घेणं

गॅस स्प्रिंग म्हणजे झाकण उचलून धरणारी, आत दाबलेला वायू असलेली नळी. जास्त ताकदीची स्प्रिंग म्हणजे चांगली, हा समज झाकण वाकवतो. हिशोब करा. २४ किलोचं झाकण, बिजागरीपासून त्याचा गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर. ३५ अंश उघडल्यावर वजनाचा बिजागरीभोवतीचा पीळ (टॉर्क) सुमारे १३५ न्यूटन-मीटर. उघड्या स्थितीत स्प्रिंगच्या रेषेचं बिजागरीपासूनचं लंब अंतर ०.२२ मीटर असेल तर एकूण ६१४ न्यूटन लागतात, एका स्प्रिंगला ३०७. त्यात १५ टक्के वाढवून ३५० न्यूटनच्या दोन घ्या. बंद स्थितीत हेच अंतर ०.०८ मीटरपर्यंत आलं तर झाकण आपोआप उघडत नाही आणि मागून उचलताना सुरुवातीला ८ किलोइतका जोर पुरतो.

स्प्रिंग कायम जोडीने लावा. एकच लावली तर झाकणाला तिरका पीळ बसतो. झाकण बंद असताना दांडा खालच्या बाजूला येईल अशी बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. तापमान १० अंशांनी उतरलं की ताकद साधारण साडेतीन टक्के कमी होते, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी झाकण हळूहळू खाली येत असेल तर स्प्रिंग खराब झाली असं लगेच धरू नका.

काहीतरी बिघडलंय, पण काय?

पाणी येतंय, पण कुठून ते कळत नाही: रात्री हौद्यात प्रखर दिवा ठेवा, झाकण लावा आणि बाहेरून सगळीकडून बघा. प्रकाश दिसतो तिथे रबर टेकत नाही. प्रकाश कुठेच नसेल तर कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. सहज सुटली तर दाब कमी आहे. दोन्ही ठीक असतील तर तक्त्याखालची खाच आणि बोल्टची भोकं तपासा. पोटाला सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर ती गळती नाही, आतल्या ओल्या सामानाची वाफ आहे. झाकण उघडून हौदा वाळू द्या.

एका कोपऱ्याची कडी लागत नाही: गाडी सपाट जागी आणून पुन्हा बघा. तिथे लागली तर अडचण पीळाची आहे. कडीच्या हुकाला ३-४ मिमी मोकळीक द्या. तरीही नाही लागली तर चौकटीचे कर्ण तपासा.

खडखडाट होतो: बहुतेकदा बंपर खाली राहिलेले असतात. एकेकाखाली १ मिमीची चकती सरकवून बघा. शिट्टीसारखा आवाज मात्र पुढच्या पट्टीच्या सांध्यातून येतो.

गाडीच्या काठाला भोक पाडलं असेल तर त्याच दिवशी लोखंडाचा चुरा झटका, भोकाच्या कडेला प्रायमर लावा आणि मगच बोल्ट घाला. पडलेला चुरा एका रात्रीत गंजून रंगावर डाग पाडतो. शक्य असेल तिथे भोकाऐवजी काठाला पकडणारे क्लॅम्प वापरा.

आतून उघडणारी एक खिट्टी नक्की बसवा, अंधारात चमकणाऱ्या दोरीसह. खेळता खेळता लहान मूल आत शिरतं आणि बाहेरून कडी पडते, हे घडू शकतं. पेट्रोलचे डबे बंद हौद्यात ठेवू नका, वाफ साठते. माणूस किंवा जनावर तर आत बसवायचंच नाही. फाळका किंचित उघडा असला की धुराड्यातला धूर हौद्यात ओढला जातो.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे नट एकदा आवळून घ्या. रबर दबतं, प्लाय थोडा बसतो आणि नायलॉक नट असूनही बिजागरी अर्ध्या फेऱ्याने ढिली झालेली सापडते.